बसून घेतलेलं माप

गुलाबा,

नालवाडीच्या चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. तीन दिवसांसाठी लावला होता, आता महिना होत आला, कारण तो उतरवायचा कोणी हे अजून ठरलेलं नाही. फोटो कुणी निवडला देव जाणे. त्यात तू ताठ उभा आहेस, छाती पुढे, पोट आत, श्वास रोखलेला. जन्मभर ज्या पोझला तू खोटी साक्ष म्हणत आलास, तिच्यातच तुला टांगून ठेवलंय. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली सतरा शोकाकुल चेहरे, प्रत्येक तुझ्या चेहऱ्याहून ठळक. यांतल्या सोळा जणांनी गेल्या पाच वर्षांत तुझ्याकडून एक बटणसुद्धा लावून घेतलं नव्हतं. सतरावा मी. माझा फोटो चांगला आलाय.

तुला वाटत असेल, दिन्या रडून रडून अर्धा झाला असेल. नाही रे. माझं वजन वाढलंय. रडायला समोरच्या माणसाबद्दल जरा आदर लागतो, आणि तू गेल्यापासून माझ्या मनात तुझ्याबद्दल जे काही आहे त्यात आदर शोधावा लागतो. शाळेत एका बाकावर बसलो, पुढे मी कापड विकायला लागलो आणि तू ते कापायला लागलास, चाळीस वर्षं एकमेकांच्या डोक्यावर बसून काढली. एवढ्या काळात तू केलेला सगळ्यात हलकट प्रकार मी आज लिहून काढणार आहे. आणि माझाही. माझा लहान आहे, ओघात सांगतो.

सगळं सुरू झालं माझ्या दुकानातल्या गादीवर. वर्ध्याच्या बाजारात आमच्या दुकानी अजून पांढरी गादी आहे. गिऱ्हाईक येतं, चप्पल काढतं, मांडी घालतं आणि मग कापड बघतं. एका दुपारी कॉलेजातला एक मुलगा आला. पायाला चिकटलेली जीन्स, दोन्ही गुडघ्यांवर कंपनीनंच पाडून दिलेली भोकं. त्याला बसता येईना. आधी तो वाकला, मग तिरपा झाला, शेवटी भिंतीला शिडी लावावी तसा तक्क्याला टेकला. तू तिथंच अस्तराचं कापड निवडत होतास.

"दिन्या," तू माझ्या कानात म्हणालास, "हे पोरगं बसून नाई राह्यलं, टेकून राह्यलं. याची पॅन्ट याले बसू देत नाई."

"मंग तू शिव ना बसणारी."

"शिवतोच."

झालं. एवढ्या वाक्यावर आपण जीन्सचे कारखानदार झालो. जगात लोक अभ्यास करतात, शहरं पालथी घालतात. आपण एका तिरप्या मुलाकडे पाहून धंदा काढला. मी त्या दिवशी हसलो होतो. खरं सांगायचं तर मी तेव्हापासूनच तुला मूर्ख समजत होतो, फक्त कापड माझ्या दुकानचं जाणार म्हणून गप्प बसलो.

तुझी माप घ्यायची रीत सांगितली तर वर्धा जिल्ह्याबाहेरचा माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि आतला मला सांगू देणार नाही. आधी गिऱ्हाईकाला पोटभर तर्रीपोहे. मग एक कप चहा. मग सतरंजीवर मांडी. आणि मग तू, पन्नाशीचा माणूस, गळ्यात टेप घालून त्याच्याभोवती चार पायांवर रांगत फिरणार. कमरेपासून निघून पायांच्या मधून मागच्या कमरेपर्यंत जे माप जातं, त्याला तुम्ही शिंपी लोक आसन म्हणता. ते माप तू बसलेल्या माणसाचंच घेणार. एका तहसील कचेरीतल्या साहेबाला तू असा बसवलास आणि त्याच्या मागे टेप घेऊन इतका वेळ गायब झालास, की तो बिचारा पोहे पचून पुन्हा भूक लागेपर्यंत बसून होता. दुसरी प्लेट मागवावी लागली, आणि दुसऱ्या प्लेटनंतर माप पुन्हा घ्यावं लागलं.

"उभा माणूस खोटं बोलते, दिन्या. पोट आत वढते, श्वास रोखते. बसला का खरं सांगते."

"पण उभं राह्यल्यावर मागं झोळ येते ना बे! मागून पाह्यलं तं वाटते धोब्याचं गाठोडं चाललं."

"माणूस सोताले मागून कधी पाह्यते? बसते तं दिवसभर."

माझ्याकडे उत्तर नसलं की मी आवाज चढवतो हे तुला माहीत होतं, म्हणून तू मशीन चालू करायचास.

कापड मी आणलं. असलं जाड डेनिम, की तुझी पहिली पॅन्ट तयार झाली तेव्हा ती कोपऱ्यात आपली आपण उभी राहिली. एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले, तिला रामराम करून खुर्चीवर बसले आणि पंधरा मिनिटं तिच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारून गेले. सुया इतक्या मोडल्या, की शेजारचा सायकलवाला तुझ्या दारातून टायर न्यायला घाबरू लागला. आणि पहिल्या धुण्याचा रंग! नाली निळी झाली, नालीचं पाणी प्यालेली म्हैस निळी झाली, आणि ती म्हैस बघायला पवनारपासून लोक आले. आले की नाही? तू सगळ्यांसमोर मान हलवायचास. माझ्या कुठल्याही गोष्टीला तू कधी खोटं म्हटलं नाहीस. फक्त बोटानं खडू कुरवाळत राहायचास.

मग नाव. मी तीन नावं काढली होती, तिन्ही इंग्रजी, एकात वाघ होता. तू म्हणालास, 'नालवाडी'. मागच्या पट्टीवर, चामड्याच्या तुकड्यात, तापल्या सळईनं कोरलेलं 'नालवाडी'.

"अबे, कंबरेवर मोहल्ल्याचं नाव कोण घालंन?"

"लोकं परक्या गावाचं नाव ढुंगणावर घेऊन फिरून राह्यले. आपल्या गावाचं का जड हाय?"

तेव्हाही मी आवाज चढवला. तेव्हाही तू मशीन चालू केलीस. पुढच्या उजव्या खिशाच्या आत जो इवलासा खिसा असतो ना, त्यावरून तर आपण आठ दिवस बोललो नाही. जगभर त्या खिशाचं काय करायचं हे कुणाला ठाऊक नाही, तू मात्र खर्र्याची पुडी मापून तो बेतलास. सुपारी-तंबाखूच्या पुडीसाठी खास खिसा! मी म्हटलं ही लाज आहे. तू म्हणालास, "पुडी वरच्या खिशात ठेवली का पांढऱ्या शर्टाले डाग पडते, अन् धुणारी बाई शिव्या देते." बाईचा विचार करून पुरुषाची पॅन्ट बेतणारा तू एकटाच. मला तेव्हा हा बावळटपणा वाटला. आजही वाटतो, पण आज जरा कमी ठामपणे.

आता येतो मुद्द्यावर. फिरून फिरून येतोय हे तुला कळत असेलच.

नामदेवमामांच्या भाच्याचं लग्न ठरलं, गिरडजवळच्या गावात. मामा म्हणजे अख्ख्या पट्ट्याचे मामा, आवाज असा की लाऊडस्पीकर त्यांना लाजतो. त्यांनी फर्मावलं, नवरदेवाकडचे चोवीस जण पांढरा शर्ट आणि 'नालवाडी' जीन्स घालणार. आपला पहिला लॉट! तू चोवीस जणांना पोहे घातलेस, चोवीस जणांना मांडी घालायला लावलीस, खाकी कागदावर एकेकाच्या मापाचे खाके काढलेस. आणि तुला चिकनगुनिया झाला. बोटं इतकी सुजली, की कात्रीच्या कडीत जाईनात.

"दिन्या, कापून घे तू," खाटेवरून तू म्हणालास. "खाक्यावर हुबेहूब. एक दोरा इकडं नाई का तिकडं नाई. शिवायले हिंगणघाटच्या पोराइकडं दे. ते दोऱ्यात हुशार हायेत, पण त्याइले कापू देजो नको."

मी खाके टेबलावर पसरले. काय दिसलं मला? धोतरं. आसनाला दीड इंच फालतू, शिवणीच्या आत सगळीकडे बोटभर कापड सोडलेलं. शिंपी त्याला माया म्हणतात, मी वाया गेलेलं कापड म्हणतो. मला दिसलं की चोवीस जण मागून गाठोड्यासारखे चाललेत आणि सगळा समुद्रपूर तालुका माझ्या कापडाला हसतोय. मी खडू घेतला. प्रत्येक आसन आत घेतलं. माया छाटली. तुला फोनवर सांगितलं, "हुबेहूब कापलं बे." आणि मग, तुला आठवत असेल, मी अर्धा तास तुला सांगत बसलो की कापताना कात्रीतून ठिणग्या उडत होत्या.

तू ते बोटभर कापड का सोडलं होतंस हे मला माहीत होतं. डेनिम पहिल्या पाण्यात आटतं. तू दहा वेळा सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. मला वाटलं, आटून आटून किती आटेल!

लग्नातल्या पंगतीचं वर्णन मी पाच वर्षं करत आलोय, दर वेळी वेगळं. म्हणून आज मोजकं सांगतो. पॅन्टी धुऊन, इस्त्री होऊन आल्या होत्या. उभे असताना चोवीसही जण सिनेमातल्यासारखे दिसत होते, मीच शिट्टी मारली. पंगत बसली. पहिली शिवण मामांची गेली. तो आवाज ऐकून बँडवाल्याला वाटलं इशारा झाला, त्यानं वाजवायला घेतलं. त्यामुळे बाकीच्या तेवीस शिवणी कुणाला ऐकू आल्या नाहीत, फक्त एकेकाचा चेहरा बदलत गेला. जेवण झालं, पत्रावळी उचलल्या गेल्या, दुसरी पंगत ताटकळत उभी राहिली, आणि चोवीस माणसं जागची हलेनात. शेवटी आचाऱ्याकडून जुन्या चादरी आणल्या. नवरदेवाचं वऱ्हाड चादरी गुंडाळून परत निघालं, जसं काही सगळ्यांनी एकदम संन्यास घेतला.

तिसऱ्या दिवशी मामा एक फाटकी पॅन्ट घेऊन तुझ्या दुकानात आले. मी तिथंच होतो. तू सुजल्या बोटांनी ती उलटी केलीस. आसनावरून अंगठा फिरवलास, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. आत कापड नव्हतं. कापलेली कड बघून तू कात्री कुणाच्या हातात होती ते सांगू शकायचास, हे वर्ध्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तू माझ्याकडे पाहिलंस. एवढंच, जेवढं घड्याळाकडे पाहतात. मग मामांकडे वळलास.

"माझा अंदाज चुकला, मामा."

हाच तो हलकट प्रकार.

काय समजलास रे तू स्वतःला? मी मागितलं होतं का? तू तिथं ओरडला असतास, दोन शिव्या दिल्या असत्यास, टेबलावरची कात्री फेकली असतीस, तर मी पाय धरले असते, भांडलो असतो, खोटं बोललो असतो, काहीतरी केलं असतं! तू मला काहीच करायला ठेवलं नाहीस. मोठेपणाचं एवढं थोरलं घोंगडं एकट्यानं पांघरलंस आणि मला उघड्यावर सोडलंस. त्या दिवसापासून मला तुझा तिटकारा आहे. रोज संध्याकाळी चहाला तुझ्याकडे येत होतो तो तिटकारा घेऊनच.

मामांचा आवाज कुठवर जातो ते सांगितलंच आहे. सहा महिन्यांत तुझ्याकडे पॅन्ट शिवायला येणारं गिऱ्हाईक संपलं. "गुलाबचं माप हललं," लोक म्हणायचे. ज्या माणसानं बसलेल्या माणसाचं माप शोधून काढलं, तो साड्यांना फॉल लावू लागला, पिको करू लागला. मी यायचो तेव्हा तू मान खाली घालून रंगाला रंग जुळवत असायचास, हिरव्या साडीला हिरवा दोरा, आणि माझ्या गोष्टींना हो हो म्हणायचास. 'नालवाडी'च्या चामडी पट्ट्या एका डब्यात होत्या. वहिनी त्या डब्यात पुढे मोहरी ठेवू लागल्या. पट्ट्या कुठे ठेवल्या, मी विचारलं नाही.

सेवाग्रामच्या दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसलो होतो तेव्हा तू मला एक दार उघडून दिलंस. आता कळतंय, तेव्हाही कळत होतं.

"दिन्या, काही सांगाचं राह्यलं का बे?"

"हो ना," मी म्हटलं, "म्हशीचं." आणि निळ्या म्हशीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. या वेळी दोन म्हशी घातल्या. तू खोकला येईपर्यंत हसलास.

"म्हैस एकच होती," तू म्हणालास.

गुलाबा, म्हैस नव्हतीच. शेजाऱ्याचं वासरू होतं आणि त्याची फक्त शेपटी निळी झाली होती. निदान एवढं तरी खरं मी तेव्हा बोलू शकलो असतो. पुढचं कदाचित त्याच्या मागून आलं असतं.

तुझ्या तेरवीला मी बोललो. पंगत उठली, लोक हात धुऊन टेकले, कुणी कुणी दोन शब्द बोलू लागलं. 'उत्तम कारागीर', 'देवमाणूस', एकानं तर 'वर्ध्याचं भूषण' म्हटलं आणि लगेच दात कोरायला लागला. मी उभा राहिलो. सांगितलं, त्या लग्नातल्या चोवीस पॅन्टी मी कापल्या होत्या, खाका सोडून कापल्या होत्या, गुलाबचा अंदाज कधीच चुकला नव्हता. ठिणग्या नाहीत, म्हैस नाही. तीन वाक्यं.

मग मागून कुणीतरी गहिवरलं, "वा दिनुभाऊ! मेलेल्या दोस्ताची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यले. मोठं मन लागते याले."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेरवीत! नामदेवमामा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिनुभाऊ, हे तुमच्या म्हशीसारखंच असंन, पण आवडलं आपल्याले." मी ओरडून सांगितलं की खरं आहे, शपथ घेतली. जितका ओरडलो तितके त्यांचे डोळे भरून आले. तुझं नाव धुवायला गेलो आणि तुझ्या नावाचा डाग पक्का करून, वर स्वतः थोर होऊन बसलो. या गावाची अक्कल किती, हे मला आधीपासून माहीत होतं. माझ्या शब्दाची किंमत मात्र त्या दिवशी कळली.

लोक गेल्यावर वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांनाही तेच सांगायला गेलो.

"तुमच्या बोलण्यानं काई नाई होत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "लोकं तुमचं आयकतेत. मानत नाईत."

"तुम्हाले माहीत होतं?"

"मले शिवण समजते." त्या आत गेल्या आणि खुंटीवरून कागदाची गुंडाळी काढून आणली. "हा मामाचा खाका. यायनं ठेवलाच होता. कापा. कमी नाई, जास्त नाई."

दुकानातून तेच जाड डेनिम आणलं आणि खाक्यावर हुबेहूब कापलं, गुलाबा. वहिनी समोर उभ्या होत्या. चाळीस वर्षं कापड विकूनही मी दोनदा कात्री खाली ठेवली आणि खडूची रेघ पुन्हा तपासली. शिवलं त्यांनी. धुतलं, वाळवलं, इस्त्री केली. मग मामांना बोलावलं, वरच्या शर्टाचं माप घ्यायचंय असं खोटंच सांगून. आले, पोहे खाल्ले, पॅन्ट पाहून दचकले. वहिनींनी फक्त म्हटलं, "घालून पाहा." त्यांचा शब्द मोडायची हिंमत मामांची नव्हती.

मामा सतरंजीवर बसले. आधी एक गुडघा, मग दुसरा, चेहरा आवळून, एक हात मागे धरून, आवाजाची वाट बघत. काही झालं नाही. नीट मांडी घातली. उठले, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा धपकन बसले. मग हात मागून काढला आणि मांडीवर ठेवला.

"हा त्याचाच खाका?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "तवाचाच."

"मंग तवा पॅन्ट काऊन फाटली?" हे त्यांनी मला विचारलं.

"तवा मी कापली होती, मामा."

ते हसले नाहीत. वहिनींकडे पाहिलं, वहिनी सुईत दोरा ओवत होत्या. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस इतका हळू बोलताना मी कधी ऐकला नव्हता.

"मी त्याले गावोगाव बदनाम केलं, बाई."

वहिनींनी दोऱ्याला गाठ मारली. मामा उठले, पॅन्ट बदलून, घडी घालून घेतली. "बाकीच्या तेवीस जणाइले मी घेऊन येतो," ते म्हणाले, "खाके काढून ठेवजो." दारातून जाताना ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि बरोबरच केलं त्यांनी. तू मात्र पाच वर्षं रोज माझ्याशी बोलत राहिलास, गुलाबा, आणि त्याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही.